समुद्राचा मंगळवार

गेल्या सत्रांत नीतिशास्त्राच्या तासाला सामाईक मालमत्तेचा विषय निघाला होता. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६८ सालीं मांडलेला सिद्धान्त मी विद्यार्थ्यांना समजावून सांगत होतों. जें सर्वांचें असतें त्याची काळजी कोणीच घेत नाहीं. सामाईक कुरणांत प्रत्येक गुराखी आपलें एक गुरूं अधिक सोडतो. कारण त्या गुराचा सारा नफा त्याचा एकट्याचा असतो, आणि कुरणाची हानि मात्र सर्वांत वांटली जाते. अशा रीतीनें, कोणाच्याहि मनांत दुष्टावा नसतां, सर्वजण मिळून कुरणाचा नाश करतात. युक्तिवाद मोठा नेटका आहे, आणि तो शिकवितांना शिक्षकालाहि एक प्रकारचें समाधान वाटतें. शेवटीं मीं अधिकारवाणीनें सांगितलें, "तात्पर्य, अशा ठिकाणीं संयम हाच एक तरणोपाय आहे." त्यावर मागच्या बांकावरील एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, संयम कोणीं करायचा? ज्याचीं शंभर गुरें आहेत त्यानें, कीं ज्याचें एकच आहे त्यानें?" इतक्यांत तास संपल्याची घंटा झाली, आणि खरें सांगावयाचें तर ती घंटा मला त्या दिवशीं फार गोड वाटली.

परंतु प्रश्न घंटेनें संपत नसतात. तो प्रश्न माझ्याबरोबर घरीं आला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां मी पुस्तकांतील काल्पनिक कुरणावरून एका खऱ्या समुद्रापाशीं जाऊन पोंचलों. तो समुद्र पश्चिम आफ्रिकेंतील घाना या देशाचा. मीं तो डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं. इतिहासग्रंथ, अहवाल आणि वृत्तपत्रें यांच्या द्वारेंच माझा त्याच्याशीं परिचय आहे. तरीहि सामाईक धन, संयम आणि न्याय या तीन गोष्टींची गांठ जशी त्या किनाऱ्यावर पडलेली दिसते तशी ती अन्यत्र क्वचितच पडली असेल, असें मला वाटूं लागलें आहे.

घानाचा किनारा सुमारें साडेपांचशें किलोमीटर लांबीचा आहे. पश्चिमेकडे खडकाळ भुशिरें, पूर्वेकडे व्होल्टा नदीच्या मुखाजवळ खाजणें आणि वाळूचे अरुंद पट्टे. दरवर्षीं जुलैपासून सप्टेंबरपर्यंत येथील समुद्राच्या खालच्या थरांतील थंड पाणी वर येतें. त्याबरोबर पोषक द्रव्यें वर येतात, पाण्यांतील सूक्ष्म वनस्पति फोफावतात, आणि त्यांच्या मागोमाग सार्डिनेला नांवाच्या, आपल्या तारलीच्या जातीच्या, लहान मासळीच्या झुंडीच्या झुंडी किनाऱ्याजवळ येतात. ही गरिबांची मासळी. त्या देशांतील लोकांना मिळणाऱ्या प्राणिज प्रथिनांपैकीं निम्म्याहून अधिक वांटा माशांचा आहे. २०१६ सालच्या गणनेंत समुद्रावर जाणाऱ्या अकरा हजारांहून अधिक होड्या आणि एक लाखाहून अधिक मच्छीमार मोजले गेले. पुरुषांनीं मासे धरावे आणि स्त्रियांनीं ते धुरी देऊन टिकवावे व बाजारांत विकावे, अशी तेथील कामाची वांटणी आहे. आणि पुष्कळदां होडीला व जाळ्यांना लागणारें भांडवलहि या स्त्रियाच पुरवितात. म्हणजे समुद्रांतील मासा कमी झाला कीं एकाच घरांतील दोघांचाहि धंदा एकदमच बसतो.

या किनाऱ्यावरील गा आणि फान्ते लोकांत एक जुना नेम आहे. मंगळवारीं कोणीहि होडी समुद्रांत लोटावयाची नाहीं. कांहीं जमातींत वार निराळा असतो, पण नेम तोच. समुद्र ही देवता. आकान लोक तिला बोसोम्पो म्हणतात, गा लोक नाई म्हणतात. आणि मंगळवार हा तिच्या विसाव्याचा वार. नारळी पौर्णिमेपूर्वीं दर्यांत होडी न लोटण्याचा संकेत ज्यांना ठाऊक आहे त्या वाचकांना याचें नवल वाटूं नये. हा नेम आजकालचा नव्हे. १६०२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पीटर दे मारेस या डच लेखकाच्या वर्णनांतहि तेथील लोकांच्या मंगळवारच्या विश्रांतीचा उल्लेख आहे. एल्मिना गांवीं तर जुलै महिन्याच्या पहिल्या मंगळवारीं बाकातुए नांवाचा उत्सव असतो. त्या दिवशीं बेन्या खाजणांत तीन वेळां जाळें टाकून मासेमारीचा हंगाम विधिपूर्वक उघडला जातो.

या मंगळवाराकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत आणि दोन्ही मला अपुऱ्या वाटतात. एक म्हणजे ती खुळी समजूत म्हणून हंसून सोडून देणें. दुसरी म्हणजे पूर्वजांना सर्व कांहीं अगोदरच ठाऊक होतें म्हणून तिची आरती ओंवाळणें. वस्तुतः सात दिवसांतील एक दिवस जाळें वाळूवर ठेवल्यानें माशांचा वंश वांचतोच असें नाहीं; उरलेल्या सहा दिवसांत दुपटीनें मासे धरले तर त्या विसाव्याचा हिशेब शून्यावर येईल. मंगळवाराचें खरें मोल माशांच्या संख्येंत नसून दुसऱ्याच एका गोष्टींत आहे. त्या दिवशीं गांवांतील प्रत्येक होडी किनाऱ्यावर असते आणि ती सर्वांना दिसते. श्रीमंताची मोठी होडी आणि गरिबाची लहान होडी एकाच वाळूवर शेजारीं शेजारीं उभ्या असतात. माणसें जाळीं सांधतात, तंटे मिटवितात. फान्ते लोक ज्याला आपोफोहेने म्हणतात तो मच्छीमारांचा मुखियाहि त्यांच्यांतच बसलेला असतो. मी आज जात नाहीं, कारण तूंहि जात नाहींस, आणि तूं जात नाहींस हें मला दिसत आहे: त्या नेमाचें सारें बळ या एका वाक्यांत आहे. हार्डिनच्या कुरणांतील गुराखी एकमेकांशीं बोलत नाहींत; खऱ्या गांवांतील बोलतात. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीनें १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत हीच गोष्ट अनेक देशांतील उदाहरणांनीं दाखवून दिली, आणि २००९ सालीं तिला अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. सामाईक धन राखणारे लोक जगांत आहेत. मात्र नियम त्यांनीं स्वतः केलेला असावा लागतो, आणि तो सर्वांकडून पाळला जात आहे हें त्यांना दिसावें लागतें.

पुढें या समुद्रावर असे लोक आले कीं ज्यांच्या पंचांगांत मंगळवारच नव्हता. याची वैचारिक तयारी फार पूर्वीं झालेली होती. १६०९ सालीं ह्यूगो ग्रोशियस या डच पंडितानें समुद्र कोणाच्याहि मालकीचा होऊं शकत नाहीं, तो सर्वांना खुला आहे, कारण एकानें तो वापरल्यानें दुसऱ्यासाठीं तो उणा होत नाहीं, असें प्रतिपादन केलें. हें तत्त्व पोर्तुगीजांच्या मक्तेदारीविरुद्ध डच व्यापाऱ्यांच्या सोयीसाठीं मांडलेलें होतें. आणि १६३७ सालीं त्याच डचांनीं पोर्तुगीजांचा एल्मिना येथील किल्ला जिंकून घेतला, हा इतिहासाचा विनोद सोडून दिला तरी तें तत्त्व गलबतांच्या वाहतुकीपुरतें खरेंच होतें. परंतु जाळें म्हणजे गलबत नव्हे. गलबत गेल्यावर पाणी पुन्हा मिटतें. मासा उचलल्यावर मागें जागा रिकामी राहते.

देश १९५७ सालीं स्वतंत्र झाला. नंतरच्या काळांत होड्यांना यंत्रें बसलीं, नायलॉनचीं जाळीं आलीं, आणि मग मोठे पोलादी ट्रॉलर आले. २००२ च्या कायद्यानें किनाऱ्यालगतचा सहा सागरी मैलांपर्यंतचा पट्टा लहान होड्यांसाठीं राखून ठेवला आणि ट्रॉलरांत परदेशी मालकीला बंदी घातली. कागदोपत्रीं दोन्ही गोष्टी पाळल्या गेल्या. प्रत्यक्षांत बहुतेक ट्रॉलरांच्या घानी नांवांआड चिनी कंपन्यांचा पैसा व ताबा आहे, असें एन्व्हायर्नमेंटल जस्टिस फाउंडेशन या संस्थेनें तपासाअंतीं दाखविलें. याच सुमारास 'साइको' नांवाचा व्यापार वाढीस लागला. त्याचा उगम निरुपद्रवी होता: ट्रॉलरवाल्यांना नको असलेली बारीक मासळी होडीवाल्यांनीं घ्यावी आणि बदल्यांत भाजी, फळें, बोकड द्यावे. पुढें ही नको असलेली मासळीच ट्रॉलर मुद्दाम धरूं लागले; तिच्या गोठविलेल्या लाद्या करून समुद्रावरच खास बांधलेल्या होड्यांना विकूं लागले. २०१७ या एका वर्षांत सुमारें १,००,००० टन मासळी या चोरवाटेनें आली, असा अंदाज आहे. ज्या सार्डिनेलाचें उत्पन्न १९९० नंतरच्या दशकांत वर्षाला लाख टनांच्या वर जात असे, तें पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत वीस हजार टनांच्या घरांत आलें. नवऱ्याच्या जाळ्यांत जी मासळी यावयाची ती ट्रॉलरानें धरावी, आणि बायकोनें ती बर्फाची लादी म्हणून विकत घ्यावी, असा हा व्यवहार. ट्रॉलरांवर सरकारी निरीक्षक असतात. त्यांपैकीं एक २०१९ च्या जुलैमध्यें आणि दुसरा २०२३ च्या ऑक्टोबरमध्यें भर समुद्रांत जहाजावरून नाहींसा झाला. जेथें पाहणाराच नाहींसा होतो तेथें 'सर्वांना दिसणें' या मंगळवाराच्या मूळ तत्त्वाचें काय होत असेल, हें निराळें सांगावयास नको.

आतां येथपर्यंतची कथा सोपी आहे, कारण तींत दुष्ट कोण आणि दुबळा कोण हें स्पष्ट दिसतें. पण प्रामाणिकपणें पुढची हकीकतहि सांगितली पाहिजे. होडीवालाहि निष्पाप राहिलेला नाहीं. रात्रीं प्रखर दिवे पाण्यावर सोडून मासे गोळा करणें, सुरुंगाची दारू उडविणें, पाण्यांत कार्बाइड किंवा कपडे धुण्याची पूड टाकणें, पिल्लेंहि सुटूं नयेत अशीं बारीक छिद्रांचीं जाळीं वापरणें, हे सारे प्रकार कायद्यानें बंद असून होड्यांवरहि सर्रास चालत आले. त्याला विचारावें तर तो म्हणतो, मासा उरलाच नाहीं, मग करूं काय? आणि मासा उरला नाहीं याचें एक कारण त्याचें हें करणेंहि आहे.

अशा वेळीं सरकारनें मासेमारी कांहीं काळ बंद ठेवण्याचा उपाय काढला. २०१८ सालीं तो विरोधामुळें पुढें ढकलावा लागला. २०१९ सालीं १५ मेपासून १५ जूनपर्यंत होड्या प्रथमच बंद राहिल्या. २०२१ पासून २०२४ पर्यंत दरवर्षीं जुलै महिना बंद राहिला. ट्रॉलरांवरची बंदी दोन महिन्यांची होती, हेंहि नमूद करणें न्याय्य होईल. वरवर पाहतां बलवानाला दुप्पट शिक्षा झाली. पण हिशेब महिन्यांनीं करावयाचा कीं घासांनीं? कंपनीचे दोन महिने म्हणजे ताळेबंदांतील एक ओळ. होडीवाल्याचा एक महिना म्हणजे पोरांच्या ताटांतील तीस दिवस. आणि उरलेल्या दहा महिन्यांत ट्रॉलर जर रात्रीं दिवे मालवून राखीव पट्ट्यांत शिरणार असतील, तर एक महिना वाळूवर बसून मीं वांचविलेला मासा कोणासाठीं वांचविला, असें त्यानें विचारल्यास त्याला आपण काय सांगणार?

या प्रश्नाला दोन उत्तरें नेहमीं दिलीं जातात. एक पक्ष म्हणतो, नियम तो नियम. त्यापुढें गरीब-श्रीमंत समान. दुसरा पक्ष म्हणतो, भुकेल्या माणसाला नीतीचें बंधन नाहीं. अगोदर त्याला पोटभर द्या, मग संयमाची भाषा बोला. पहिला पक्ष हें विसरतो कीं समान नियमाचें ओझें समान नसतें, आणि ज्यानें नियम मोडून धन मिळविलें त्याच्या पंक्तीला नियम मोडून कसेंबसें जगणाऱ्याला बसविण्यांत कसली समता? परंतु दुसऱ्या पक्षाचें म्हणणें मला अधिक धोक्याचें वाटतें, कारण तें दयेच्या वेषांत येतें. होडीवाल्याला सर्व क्षम्य आहे असें म्हणणें म्हणजे त्याला नीतीच्या व्यवहारांतून बाहेर काढणें, त्याला अजाण लेंकरूं समजणें. मंगळवार पाळणारे त्याचे आजे-पणजे कांहीं श्रीमंत नव्हते. संयम ही पोट भरलेल्यांची चैन आहे, हें मत ज्यांचें पोट भरलेलें आहे तेच बहुधा मांडतात.

मला असें वाटतें कीं येथें दोन हिशेब एकत्र मिसळले जातात आणि ते वेगळे केले पाहिजेत. एक समुद्राचा हिशेब आणि दुसरा माणसांचा. समुद्राच्या वहींत नांवें नसतात. तेथें केवळ किती मासे निघाले आणि किती अंडीं उरलीं एवढेंच मांडलेलें असतें. पिल्लूं अन्याय करणाऱ्यानें धरलें काय अन् अन्याय सोसणाऱ्यानें धरलें काय, पुढच्या वर्षाचा मासा सारखाच उणा होतो. म्हणून ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाहि पिल्लूं सोडून द्यावेंच लागेल. ट्रॉलरवाल्याच्या भल्यासाठीं नव्हे, तर उद्यां आपल्याच मुलानें रिकामें जाळें ओढूं नये म्हणून. पण माणसांच्या वहींत नांवेंच असतात. तेथें कोणीं किती घेतलें, कोणापाशीं किती होतें, कोणाला दुसरा मार्ग होता आणि कोणाला नव्हता, हें सर्व मांडलेंच पाहिजे. समुद्राचा हिशेब दाखवून माणसांचा हिशेब मिटविणें ही बलवानांची लबाडी आहे. आणि माणसांचा हिशेब दाखवून समुद्राचा हिशेब नाकारणें ही दुर्बळांची आत्मवंचना आहे.

ट्रॉलराकडे बोट दाखविलें म्हणजे माणसांची ही वही पुरी झाली असेंहि नाहीं. तिच्यांत समुद्राकडे कधीं न फिरकणाऱ्यांचींहि नांवें आहेत. १९६५ सालीं व्होल्टा नदीवर आकोसोम्बोचें धरण पुरें झालें. त्याच्या जलाशयाखालीं सुमारें ऐशीं हजार लोकांचीं घरें गेलीं. त्याच्या विजेवर शहरांतील दिवे लागले, तेमा येथील ॲल्युमिनियमचा कारखाना चालला, आणि एका नव्या राष्ट्राची मान उंच झाली. पण नदीचा गाळ व वाळू त्या भिंतीआड अडून राहिली. मुखाच्या पूर्वेस केटा हें गांव समुद्र आणि खाजण यांमधील वाळूच्या पट्टीवर वसलेलें. तेथील जमीन समुद्र एकोणिसाव्या शतकापासूनच खात होता, त्यामुळें सारा दोष धरणाच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. परंतु जें नदी भरून देत असे तें देणें मात्र थांबलें. डॅनिश लोकांनीं १७८४ सालीं बांधलेला तेथील प्रिन्झेनस्टाइन किल्ला लाटांनीं अर्धामुर्धा गिळला. पुढें बांध घालून केटाचा कांहीं भाग वांचविण्यांत आला, तरी २०२१ च्या नोव्हेंबरमध्यें उधाणाच्या लाटा त्या भागांतील वस्त्यांत शिरून हजारों लोक बेघर झाले. राजधानींत दिव्याचें बटन दाबणाऱ्या माणसानें केटाच्या म्हातारीचें घर पाडलें, असें कोण म्हणेल? आणि नाहीं, असें तरी कोण म्हणेल?

तीच गोष्ट कपड्यांची. आक्रा शहरांतील कान्तामान्तो या बाजारांत युरोप-अमेरिकेंतील जुने कपडे येतात. आठवड्याला सुमारें दीड कोट नग येतात, असा अंदाज आहे. लोक त्यांना 'ओब्रोनी वावू', म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे, म्हणतात. कारण जिवंत माणूस इतके कपडे टाकून देईल हें त्यांना प्रथम खरेंच वाटलें नसावें. त्यांतील जे विकले जात नाहींत त्यांपैकीं पुष्कळ पावसाच्या लोंढ्याबरोबर गटारांतून आणि कोर्ले खाजणांतून समुद्रांत जातात, तेथें त्यांचे पिळे होतात, आणि मासे धरावयास टाकलेल्या जाळ्यांत ते अडकून वर येतात. ज्यानें तो सदरा दिला तो मनांत म्हणाला असेल, आपल्या हातून दानधर्म झाला. पापाचा पैसा पुण्याच्या खात्यावर जमा होण्याचें याहून चोख उदाहरण मला तरी आढळलें नाहीं.

मग संयम कोणीं करावयाचा? माझें उत्तर असें: ज्यापाशीं अधिक आहे त्यानें प्रथम, आणि सर्वांच्या देखत, ज्यापाशीं थोडें आहे त्यानेंहि, परंतु त्यानंतर, आणि त्याच्या चुलीची तजवीज करून. क्रम उलटा झाला कीं संयमाचा अर्थच बदलतो. मग तो व्रत न राहतां कर होतो. घानांतील अलीकडच्या घडामोडी या क्रमाकडे वळतांना दिसतात. २०२५ सालीं सरकारनें हंगामबंदींतून होड्यांना वगळलें आणि ती ट्रॉलरांवर कायम ठेवली. त्याच वर्षीं नव्या कायद्यानें होड्यांचा राखीव पट्टा सहा सागरी मैलांवरून बारा मैलांपर्यंत वाढविला. कायदा कागदावरून पाण्यावर किती उतरेल हें पुढें दिसेल. आणि होड्यांना वगळण्यांत न्याय किती आणि लोकानुनय किती, असाहि प्रश्न विचारतां येईल; कारण समुद्राच्या वहींत त्या जुलैचेंहि मासे मांडले गेले आहेतच.

हें सर्व त्या विद्यार्थिनीला मीं पुढच्या तासाला सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "आणि शंभर गुरें असलेल्यानें संयम केलाच नाहीं तर?" या वेळीं घंटेला अजून वीस मिनिटें अवकाश होता. मी म्हणालों, "तर ज्याचें एकच गुरूं आहे त्यानें गवताचें मूळ राखावें, पण तोंड मिटून बसूं नये. मंगळवारीं होडी वाळूवर ठेवावी, आणि समुद्रावर कोण गेलें आहे तें मोठ्यानें सांगावें." तिचें समाधान झालें असें मला वाटलें नाहीं. माझेंहि पूर्ण झालेलें नाहीं. कारण मोठ्यानें सांगणाऱ्या निरीक्षकांचें काय झालें तें मला ठाऊक होतें, आणि तें तिला सांगावयाचें माझ्यानें झालें नाहीं.